लांब दोरीचा फोन

टेलिफोन बंद पडला म्हणजे तो बिघडलाच असेल असं नाही. हे मी नोकरीच्या काळात शेकडो लोकांना सांगितलं आणि एकालाही पटलं नाही. लोकांचं म्हणणं सरळ असायचं: बोलता येत नाही, म्हणजे बिघडला; बिघडला, म्हणजे तुमचा दोष. मला राग लवकर येतो, पण तो चेहऱ्यावर यायला वेळ लागतो. त्यामुळे खात्यात माझं नाव 'शांत माणूस' असं पडलं आणि भांडखोर ग्राहक सगळे माझ्या वाट्याला आले.

मी सांगतो आहे ती सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता, आम्ही अकोल्यातच मोडत होतो. मी मूळचा रिठदचा. शिकलो मॅट्रिकपर्यंत. आधी खांब गाडणाऱ्या टोळीत मजूर होतो, मग लाइनमन म्हणून मंगरूळपीरला नेमणूक झाली. नेमणूक कच्ची होती. वर्षभर काम पाहणार आणि मग पक्की करणार किंवा परत खड्डे खणायला पाठवणार. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा मी पहिलाच माणूस. बाप रिठदच्या पारावर सांगायचा, "पोरगं तारेतून बोलते." मी तारेतून बोलत नव्हतो, लोकांना बोलता यावं म्हणून खांबावर लटकत होतो. पण बापाला दुरुस्त करायला मी गेलो नाही.

आजच्या वाचकांसाठी थोडं कामाविषयी सांगायला हवं. त्या वेळच्या फोनला आकड्यांची चकती नव्हती. काळा, जड डबा, वर रिसीव्हर आणि बाजूला एक दांडी. दांडी गरगर फिरवली की एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरबाईंसमोरच्या पाटीवर त्या नंबरचं झाकण टपकन खाली पडायचं. मग बाई विचारायच्या, कोण पाहिजे. तुम्ही सांगायचं, बाई जोडून द्यायच्या. गाव एवढं लहान की बऱ्याचदा बाईच सांगायच्या, "डॉक्टर घरी नाहीत, आत्ताच दर्ग्याकडं जाताना दिसले." ही सोय पुढे यंत्रं आली तेव्हा बंद झाली आणि लोक त्याला प्रगती म्हणू लागले.

एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंत दोन तारा खांबाखांबांवरून यायच्या. दोष तीनच प्रकारचे. तार तुटली, दोन तारा एकमेकींना चिकटल्या, नाहीतर तार जमिनीला लागली. दोष शोधायची पद्धतही साधी होती. घराजवळच्या शेवटच्या खांबावर चढायचं, घरात जाणारी तार सोडायची आणि खांद्यावरचा टेस्टफोन तिथे लावून एक्स्चेंजला हाक मारायची. बाई बोलल्या तर लाइन चांगली, दोष घरात. नाही बोलल्या तर दोष मागे कुठेतरी, सायकल उलटी वळवा.

मागच्या दोषांची मला सवय होती. कावळे आमच्याच टोळीने टाकलेले तारांचे तुकडे उचलून खांबाच्या डोक्यावर घरटं बांधायचे आणि दोन लाइनी एक करून टाकायचे. मग पोलीस ठाण्यातलं बोलणं सरकीच्या व्यापाऱ्याला ऐकू यायचं. एका गावात खांबाच्या ताणतारेला रोज म्हैस बांधत. म्हशीने अंग घासलं की खांब हले आणि फोनमध्ये खरखर होई. मालकाला सांगितलं तर म्हणाला, "म्हशीले समजावून सांगा, माह्यं ते ऐकत नाही." एक पाटील अकोल्याला बोलायचं असलं की अकोल्याकडे तोंड करून बसत आणि आवाज नीट आला नाही की खुर्ची थोडी उत्तरेला सरकवत. त्यांच्या फोनची तक्रार मी फक्त खुर्ची सरकवून दोनदा दुरुस्त केली आहे.

काम झालं की कार्ड भरायचं. प्रत्येक फोनचं एक कार्ड असे. ते इंग्रजीत होतं, पण मजकूर मला अजून पाठ आहे. दोष काय, कुठे सापडला, काय केलं. आणि खाली एक रकाना: उपकरण बसवलेल्या जागी तपासले काय? होय किंवा नाही. नाही असल्यास कारण लिहा.

मी जे सांगायला बसलो आहे ते या रकान्याविषयी आहे.

मंगरूळहून कारंज्याच्या रस्त्याला दोन मैलांवर किसनरावांचा मळा होता. वांगी, मिरची, कोथिंबीर, पुढे पपई. माल अकोल्याला जायचा. उद्या काय पाठवायचं आणि काय ठेवायचं हे अकोल्याचा अडत्या सकाळी फोन करून सांगायचा, त्यासाठी त्यांनी फोन मागितला होता. सात वर्षांनी नंबर लागला. मळ्यातल्या घरात फोन येणं ही मोठी गोष्ट होती, आजूबाजूच्या लोकांनी येऊन डबा पाहिला, दांडीला हात लावला. माझ्याआधीच्या फिटरने तो बसवला होता. किसनराव म्हणाले होते, "दोरी लांबच द्या, फोन कुठंही नेता आला पाहिजे." त्याने पंधरा-वीस फुटांची सुती वेष्टणाची दोरी जोडून दिली. खात्याचं माप पाच फुटांचं. पण तो फिटर भला माणूस होता, कोणाला नाही म्हणत नसे, आणि त्याची बदली झाली होती.

पहिली तक्रार आली तेव्हा मी सायकलवर मळ्यात गेलो. आंगणातून हाक मारली. किसनराव बाहेर आले. मी सांगितलं, फोनवाला आहे. त्यांनी विचारलं, नाव काय. मी म्हटलं, खिल्लारे. गाव कोणतं? रिठद. मग त्यांनी रिठदमधल्या दोन-तीन लोकांची नावं घेतली, मी त्यांना ओळखतो का विचारलं, आणि आमची वस्ती कोणती ते त्यांच्या हिशेबात बसलं. सगळं अगदी गोडीने.

"बसा न मिस्तरी ओसरीवर," ते म्हणाले. "तुमाले आत यायचा तरास कायले? फोनच बाहेर आनतो."

आणि त्यांची बायको अनुसाबाई फोन दोन्ही हातांत धरून बाहेर घेऊन आली. लांब दोरी दगडी उंबऱ्यावरून सरसर घासत मागे आली. फोन ओसरीवर माझ्यासमोर ठेवला. डब्यावर हळदीकुंकू आणि झेंडूची एक पाकळी. बोलायच्या भोकांत कुंकू गेलं होतं. मी ते झटकलं, दांडी फिरवली, ऑपरेटरबाई बोलल्या. मला वाटलं, काम झालं. चहा आला, दांडी तुटलेल्या कपात. तो कप ओसरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. चहा पिऊन आंगणातल्या रांजणाशी कप धुवायचा आणि परत कोनाड्यात ठेवायचा, हे मला कोणी सांगितलं नाही. असं सांगावं लागत नाही.

एक्स्चेंजला येऊन कार्ड काढलं. उपकरण बसवलेल्या जागी तपासले काय?

'नाही' लिहिलं असतं तर पुढे कारण लिहावं लागलं असतं. कारण मला माहीत होतं, किसनरावांना माहीत होतं, कार्ड वाचणाऱ्या कारकुनालाही कळलं असतं. पण ते माझ्या अक्षरात, माझ्या सहीच्या वर लिहायचं माझ्या जिवावर आलं. छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतल्यावर माझ्या बापाने ज्या गोष्टी सोडल्या त्यात आपल्याविषयी असं काही आपणच मान्य करणं ही पहिली होती. मी 'होय' लिहिलं.

आठ दिवसांत दुसरी तक्रार. फोन सकाळी बंद असतो, संध्याकाळी चालतो. मी गेलो. खांबावर चढलो, टेस्टफोन लावला, बाई बोलल्या. लाइन चांगली. म्हणजे दोष घरात. खाली उतरेपर्यंत अनुसाबाईंनी फोन ओसरीवर आणून ठेवलेला. दांडी फिरवली, बाई बोलल्या. म्हणजे घरातही दोष नाही. बॅटऱ्या बदलून दिल्या, कारण काहीतरी बदललं की ग्राहकाला बरं वाटतं. आमच्याकडे म्हणतात तसं, आजार हल्याले अन् इंजेक्शन पखालीले: रेडा आजारी आणि सुई त्याच्या पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीला. चहा, कप, रांजण. दोन मैल सायकल मारून एक्स्चेंजला आलो तर ऑपरेटरबाई म्हणाल्या, "तुम्ही निघालात आणि तो परत मेला."

कार्डावर दुसरं 'होय'.

तिसरी तक्रार चारच दिवसांनी आली आणि ती लेखी, थेट वरच्या ऑफिसला. किसनरावांचा एक दिवसाचा सगळा माल अकोल्याला जाऊन पडून राहिला होता, कारण पाठवू नका असं सांगणारा अडत्याचा फोन लागलाच नाही. त्यांचा राग खोटा नव्हता. मी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. लाइन चांगली, फोन चांगला, आणि फोन बंद. किसनराव म्हणाले, "मिस्तरी, तुमी आले की हा शहान्यासारखा बोलते. तुमी गेले की मरते. तुमी इथंच राहा बाप्पा." मी तिसरं 'होय' लिहिलं तेव्हा माझा हात लिहिण्यात जरा जास्तच तयार झाला आहे हे मला जाणवलं.

शुक्रवारी निरोप आला. सोमवारी अकोल्याहून साहेब येणार, मळ्यातला फोन स्वतः पाहणार, माझी कार्डं पाहणार. एकाच फोनची तक्रार तीनदा येणं कच्च्या माणसाला वाईट होतंच. पण 'जागेवर तपासले' असं तीनदा लिहून देऊन ते खोटं निघणं हे त्याहून वाईट. खोट्या नोंदीला खात्यात माफी नव्हती. पक्की नेमणूक तर गेलीच असती, पण टोळीतसुद्धा परत घेतलं असतं की नाही कोण जाणे. ऑपरेटरबाई मला म्हणाल्या, "खिल्लारे, आत जाऊन एकदा नीट पाहून का घेत नाही?" त्या पुण्याकडच्या होत्या. मी म्हटलं, पाहतो.

शनिवारी सकाळी मी मुद्दाम लवकर निघालो. सकाळी मरतो ना, तर मरताना पाहू. मळ्यात पोचलो तेव्हा किसनराव पाणी द्यायला गेले होते. आतून घंटीचा आवाज येत होता. अनुसाबाईंची पूजा चालली होती. ती संपेपर्यंत मी आंगणात उभा राहिलो. मग हाक मारली.

"आली आली," त्या आतून म्हणाल्या. "थांबा, फोन आनतो."

"आज आनू नका बाई," मी म्हटलं. "आहे तिथंच राहू द्या."

त्या दारात आल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, उन्हात काम केलेला चेहरा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. आता पुढचं वाक्य कोणीतरी बोलायला हवं होतं. 'मी आत येतो' असं मी म्हणालो नाही. 'आत या' असं त्या म्हणाल्या नाहीत. बाजूला पपईवर एक पोपट टोचा मारत होता, त्याच्याकडे दोघांनीही जरा वेळ लक्ष दिलं.

शेवटी मी म्हटलं, "बाई, मी खिडकीपाशी उभा राहातो. मी इचारतो, तुमी आतून पाहून सांगा."

"मले काय समजते त्यातलं?"

"समजाचं काई काम नाही. दिसते ते सांगा."

त्या आत गेल्या. खिडकीला जाड गज आणि आतून अंधार. बाहेरून मला काहीच दिसत नव्हतं.

"फोन वाजून पाहा."

दांडीचा आवाज आला. "कोनी नाही बोलून राह्यलं."

"बरं. फोन कुठं ठेवला हाय?"

"देवाजवळ."

हे मला कुंकवावरून माहीत होतं. "कशावर ठेवला हाय?"

"ताम्हनात."

"देव ताम्हनात हायेत ते समजलं. फोन कशावर हाय?"

"फोनबी ताम्हनात. त्याले सोतंत्र ताम्हन घेतलं ना, तांब्याचं, मोठं." मग जरा थांबून खुलासा केला, "हा फोन आला त्याच दिवशी पयला निरोप आला, नातू झाला म्हनून. मंग मी याले देवातच बसवलं. रोज पूजा करतो याची."

माझ्या डोक्यात काहीतरी हललं. "दोरी कुठं हाय?"

"ते लोंबते तं बरं दिसत नाही. गुंडाळून त्याच्या बाजूलेच ठेवतो."

"ताम्हनातच?"

"ताम्हनातच."

मी त्यांना फोन ताम्हणातून उचलून जमिनीवर ठेवायला सांगितलं, दोरीसकट. भांड्यांचा आवाज, मग दांडी फिरली. आतून ओरडण्याचा आवाज आला, "बाई बोलून राह्यली! अवो, बोलून राह्यली!"

"बाईले थांबाले सांगा. आता परत ताम्हनात ठेवा, दोरी होती तशीच."

"मेला."

"उचला."

"जित्ता झाला."

"ठेवा."

"मेला."  मग मी न सांगता त्यांनी स्वतःच तो चारदा उचलला आणि चारदा ठेवला. मला आवाजावरून कळत होतं. "मिस्तरी," त्या म्हणाल्या, "म्हंजे ताम्हनच खाऊन राह्यलं याले."

मी पुढे कितीतरी शिकाऊ फिटर पाहिले. इतक्या लवकर इतका स्वच्छ निष्कर्ष काढणारे फार थोडे होते.

आता दोरी पाहायची होती. मी सांगितलं, फोनपासून सुरुवात करा, बोटाबोटाने चाचपत या आणि कुठे सूत उसवलं असेल तर सांगा. त्या हळूहळू बोलत गेल्या. इथं चांगली हाय. इथं चांगली हाय. इथं कुंकू लागलं. मग: "इथं सोलली. आतल्या दोनी तारा उघड्या पडल्या. चमकून राह्यल्या."

"फोनपासून किती दूर?"

"दोन हात. नाही, अडीच."

मी ओसरीवर फोन जिथे ठेवला जायचा ती जागा पाहिली आणि तिथून दगडी उंबऱ्यापर्यंत हात मोजले. अडीच.

लाइनमनच्या कामात असा क्षण क्वचित येतो. दोष सापडला की एरवी बरं वाटतं. मला वाटलं नाही. दोरी सोलली होती ती उंबऱ्यावर घासून. उंबऱ्यावर घासली होती ती फोन बाहेर आणल्यामुळे. आणि फोन बाहेर आणला जात होता तो माझ्यासाठी. पहिल्या तक्रारीला भोकात फक्त कुंकू होतं. त्यानंतर मी दुरुस्त करायला जितक्या वेळा आलो तितक्या वेळा मीच तो बिघडवून गेलो होतो. उघड्या तारा पूजेच्या पाण्याने ओल्या ताम्हणाला टेकल्या की दोन्ही एक, फोन बंद; संध्याकाळपर्यंत पाणी वाळलं की पुन्हा चालू. ओसरीवर आणला की तारा सुट्या, फोन चालू. मला त्या घरात जो मान मिळत होता त्याने तार खाल्ली होती.

मी गजांतून चिकटपट्टी आत दिली. गुंडाळायची कशी ते सांगितलं. त्यांनी ती गुंडाळली. फोन चालू झाला. मग त्या खिडकीशी आल्या. चेहरा आता दिसला.

"हे तुमी आत येऊन पाह्यलं असतं तं पयल्याच दिवशी दिसलं असतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुमी कधी म्हटलंच नाही, आत येतो म्हनून."

"तुमी तरी कुठं म्हटलं," मी म्हणालो.

आवाज मी ठरवला होता त्याहून मोठा निघाला.  मी कार्डाचं सांगून टाकलं. का सांगितलं ते मला आजही नीट कळत नाही. कदाचित राग होता म्हणून. रकाना काय असतो, त्यात मी काय लिहिलं, सोमवारी साहेब काय विचारणार आणि त्यानंतर माझं काय होणार, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "खोटं काहून लिहिलं?"

"खरं लिहिलं असतं तर तुमचं नाव लिहावं लागलं असतं," मी म्हटलं. हे अर्धंच खरं होतं. माझंही लिहावं लागलं असतं.

सोमवारी साहेब जीपने आले. अंगाने भारी. बूट काढायचा कंटाळा म्हणून ओसरीवरच्या खुर्चीत बसले आणि तिथूनच तपासणी सुरू केली. किसनराव शेजारी उभे. अनुसाबाई दारात, पदर डोक्यावर. मी आंगणात, सायकलजवळ. साहेबांनी त्या फोनचं कार्ड मांडीवर ठेवलं. शनिवारी सापडलेला दोष मी आधीच कळवला होता.

"दोष दोरीत होता, ती सोलली होती," ते म्हणाले. "हा माणूस तीनदा आला. तीनदा लिहितो, उपकरण जागेवर तपासलं. मग दोरी दिसली कशी नाही? की आत गेलाच नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. 

"आले होते ना," अनुसाबाई म्हणाल्या. "तिनी खेपेले आत आले. मी फोन उचलून त्याइच्या हातात देल्ला, दोरी तशीच ताम्हनात राह्यली. पुजेत हात लावू नका म्हटलं मीच. माह्यी चूक हाय."

किसनराव आंगणातल्या पपईकडे पाहत राहिले. त्यांना आपल्या बागेत इतका रस घेताना मी कधी पाहिलं नव्हतं.

साहेबांनी त्यांना विचारलं, "असं झालं का?"

पपईवरची नजर न काढता ते म्हणाले, "बाई म्हंते तं झालंच असंन."

साहेबांनी कार्डावर सही केली. ग्राहकांना उपकरण कोरड्या, लाकडी वस्तूवर ठेवण्यास समजावून सांगावे, असा शेरा लिहिला. मला म्हणाले, नवी दोरी आजच टाका. आणि जीप कारंज्याकडे निघून गेली.

धूळ बसली. मी नव्या दोरीचं वेटोळं पिशवीतून काढलं आणि ओसरीपाशी उभा राहिलो. किसनराव नेहमीच्या सवयीने म्हणाले, "आन वं फोन बाहेर."

"नाही," अनुसाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "या आत."

मी जागेवरच. खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला नाही. मनात आलं, यांनी बोलावलं म्हणून लगेच पाय उचलायचे का? मी म्हटलं, "बाई, तुमी माह्यी नोकरी वाचवली. त्याच्यावर आनखी उपकार नको."

"उपकार नाही करून राह्यली," त्या म्हणाल्या. आवाज चिडलेला होता. "साह्यबासमोर मी खोटं बोलली. तिनदा आत आले म्हनून सांगतलं, अन् देव पाठीमागंच बसले हायेत, ऐकून राह्यले. आता एकडाव तरी या, म्हंजे तेवढं तरी खरं होइन. अन् दोरी काय मी बदलू?"

दोरी बदलायला मीच लागणार होतो, हे मान्य करावं लागलं. मी चपला काढल्या. उंबऱ्याच्या दगडाला दोरीचं उसवलेलं सूत अजून चिकटलेलं होतं, तो ओलांडला.

आत सहा पावलांवर देवघर. म्हणजे वेगळी खोली नाही, भिंतीतला एक कट्टा. फोन आता लाकडी पाटावर होता. ताम्हण धुवून भिंतीला टेकवलं होतं. मी मांडी घालून बसलो. जुनी दोरी काढली, नवी जोडली, स्क्रू आवळले, दांडी फिरवली. ऑपरेटरबाई म्हणाल्या, "खिल्लारे? आवाज किती स्वच्छ येतोय, कुठून बोलताय?"

"जागेवरून," मी म्हटलं.

अनुसाबाई पाहत होत्या. नवी दोरी पाच फुटांची, कट्ट्यापासून जेमतेम भिंतीतल्या खुंटीपर्यंत पुरत होती.

"हे तं आखूड झाली," त्या म्हणाल्या.

"खात्याचं माप हेच हाय."

त्यांनी दोरीकडे पाहिलं, मग दाराकडे. मध्ये किती अंतर राहतं ते त्यांनी नजरेनेच मोजलं. "म्हंजे आता फोन ओसरीवर येत नाही."

"नाही येत."

"मंग पुढच्या खेपेले?"

"पुढच्या खेपेले जो कोनी येइन, त्याले आतच या लागन."

त्यांनी मान हलवली. किसनराव दारात उभे होते. त्यांनीही ऐकलं. नको म्हणायची सोय नव्हती. साहेबांच्या सहीचं काम होतं.

बाहेर आल्यावर चहा आला. त्याच दांडी तुटलेल्या कपात. दोरीला खात्याचं माप होतं, कपाला नव्हतं. मी चहा प्यालो, पण त्या दिवशी कप धुतला नाही, ओसरीच्या कडेला तसाच ठेवून सायकलवर बसलो. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तो कोनाड्यात होता, धुतलेला. एवढंच झालं, याहून जास्त झालं असं मी सांगणार नाही.

त्या कार्डावरचं चौथं 'होय' खरं होतं. आधीची तीन तशीच राहिली. ती माझ्याच अक्षरात आहेत आणि त्यांची मला आजही लाज वाटते. त्या तीन ठिकाणी 'नाही' लिहून कारण लिहायला हवं होतं. मी खोट्याने वाचलो, आणि तेही दुसऱ्याच्या खोट्याने. वर्षअखेरीस नेमणूक पक्की झाली. बाप रिठदच्या पारावर पुन्हा सांगत फिरला.

त्यानंतर मी एक काम केलं, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. मंगरूळच्या आसपास त्या भल्या फिटरने बसवलेल्या लांब दोऱ्यांचे बरेच फोन होते. तक्रार असो नसो, मी एकेका घरी गेलो. लोक म्हणायचे, मिस्तरी, फोन चांगला चालू हाय, दोरी काहून बदलता? मी म्हणायचो, खात्याचा नियम आहे, पाच फूट. कोणी म्हणालं, बाहेर आणून देतो, तर मी सांगायचो, चालत नाही, जागेवरच बदलावी लागते. काही घरांतून मी तसाच परत आलो, आणि त्या कार्डांवर पहिल्यांदा 'नाही' लिहिलं आणि पुढे कारण लिहिलं. बाकीच्या घरांत आत गेलो. बदली होऊन मी तिथून निघालो तेव्हा त्या बाकीच्या घरांत ओसरीपर्यंत येईल असा एकही फोन उरला नव्हता.